कूलंटचा गळका होज घरी बदलताना

पार्किंगच्या फरशीवर हिरवट किंवा गुलाबी डाग दिसला, किंवा कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटलीतली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जातेय असं लक्षात आलं, की पहिला संशय होजवर, म्हणजे तो द्रव वाहून नेणाऱ्या रबरी पाइपवर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. होज बदलणं तसं पाऊण तासाचं काम. खरा वेळ जातो तो गळती नेमकी कुठून आहे हे शोधण्यात आणि शेवटी आत अडकलेली हवा काढण्यात. नवखी माणसं नेमकी याच दोन ठिकाणी घाई करतात आणि नवा होज लावूनही गाडी घाटात गरम होते.

इथे उदाहरण धरलंय ते साध्या पेट्रोल हॅचबॅकचं. पुढे रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी), त्यावर फिरवून उघडायचं झाकण, शेजारी मिन-मॅक्सच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची बाटली, आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला येणारा जाड काळा होज. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं, बाटलीलाच दाबाचं झाकण असतं. त्यांचा फरक जिथे पडतो तिथे सांगितला आहे.

आधी गाडी थंड होऊ द्या

चालू इंजिनात कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं आणि दाबाखाली असतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला दिसेल, तो बारमधला दाब. १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय, टायरमधल्या हवेच्या निम्मा. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि शंभर अंशांच्या वर तापलेलं कूलंट एका क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. हात-तोंड भाजण्याचे प्रकार होतात ते असेच. ओलं फडकं झाकणावर टाकून उघडायची युक्ती रस्त्यावर सर्रास चालते. ती करू नका.

गाडी बंद करून दोन तास थांबा. मग वरचा होज हाताने दाबून बघा. तो मऊ लागला आणि सहज दबला, तरच झाकणाला हात लावा. किल्ली काढून खिशात ठेवा आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

गळती शोधणं

गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे कूलंटच असं नाही. एसी चालवून आल्यावर डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला ठिबकणारं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं, त्याची काळजी करायची नाही. कूलंट बोटांत घेतलं तर किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका, एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. कूलंट होजवरून ओघळत खाली येतं आणि गाडी पळताना पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं. म्हणून टॉर्च घेऊन सर्वांत वरची ओली जागा शोधा. ओलं काहीच दिसत नसेल तर वाळलेला थर शोधा. होज नळीवर आवळून धरणाऱ्या क्लिपच्या कडेला पांढरट-हिरवी, मिठासारखी पापडी धरलेली असते. नखाने खरवडली की भुगा पडतो. ती गळतीची सर्वांत खात्रीची खूण, कारण गरम इंजिनावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तरीही नक्की होत नसेल तर सगळे सांधे कोरडे पुसा, प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि बॅटरीची वायर तेवढ्यापुरती जोडून गाडी पाच मिनिटं उभ्या उभ्या चालवून बंद करा. ओला झालेला कागद उत्तर देतो. कागद पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ लोंबकळणार नाही एवढं बघा.

आता होज हाताने तपासा. मधोमध दाबून काही कळत नाही, टोकापासून दोन इंचांच्या आत दाबायचं. आतल्या बाजूने लांबीत चिरा पडलेल्या असतील तर बोटांना घळी लागतात, कधी करकर असा बारीक आवाज येतो. बाहेरून असा होज अगदी नवा दिसतो. कारण विद्युत-रासायनिक आहे. कूलंट, धातूची नळी आणि रबर मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि तो रबर आतून पोखरतो, तेही मुख्यतः टोकांजवळ. दुसरी खूण म्हणजे होज फुगीर आणि स्पंजासारखा मऊ झालेला. त्यावर बहुधा इंजिन ऑइल ठिबकत असतं. कूलंटच्या होजचं ईपीडीएम रबर उष्णता सोसतं, पण खनिज तेल सोसत नाही. तिथे आधी ऑइलची गळती बंद करा, नाहीतर नवा होजही तसाच जाईल. तिसरी खूण टणक, चकचकीत, वाकवला की बारीक भेगा दाखवणारा होज, म्हणजे उष्णतेने वय झालेला.

होज ठणठणीत असेल आणि फक्त थंडीत पहाटे सांध्यातून ठिबकत असेल, तर दोष क्लिपचा. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत हे हमखास दिसतं. रात्री रबर आणि प्लॅस्टिक आकसतं, पकड ढिली होते, गाडी गरम झाली की सांधा पुन्हा घट्ट. अशा वेळी होज बदलण्यात अर्थ नाही.

होज आणि क्लिप दोन्ही बरे, तरी कूलंट कमी होतंय? मग वॉटर पंपाच्या बुडाचं बारीक भोक, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमशी असलेला जोड आणि झाकणाचं रबर बघा. पायाजवळचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. आणि बाहेर कुठेच ओलं नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा संशय. मग घरी काहीही उघडायचं नाही, गाडी चालवायचीही नाही.

सामान

होज घेताना गाडीचं नाव, वर्ष आणि इंधन एवढं पुरत नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्तीत वळणं वेगळी असू शकतात. दुकानात चेसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर निघतो. जमलं तर जुना होज काढून सोबतच न्या. रेडिएटरचे वरचे-खालचे होज साच्यात वळण देऊन बनवलेले असतात. फुटावर मिळणारा सरळ पाइप तिथे वाकवला की मध्ये दुमडतो आणि प्रवाह अडतो. हीटरचे बारीक होज सरळ असतील तर फुटावर घेतलेले चालतात, पण कूलंटसाठीचे, दोऱ्याचं जाळं असलेले. पेट्रोलचा पाइप किंवा बागेचा पारदर्शक पाइप पहिल्याच गरम फेरीत लोण्यासारखा होतो.

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचंच घ्या. रंग बघून घेऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी हे उत्पादकाने घातलेले रंग आहेत आणि त्यावरून आतली रसायनं ओळखता येत नाहीत. न जुळणारे प्रकार मिसळले की कधी जेलीसारखा गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर बहुतेक ठिकाणी निम्मं पाणी, निम्मं कूलंट. पाणी बॅटरीत घालतात तसलं, डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. बोअरवेलचं पाणी घातलं की पातेल्याच्या बुडाला चढतो तसा पांढरा थर इंजिनच्या आत चढतो.

बाकी पक्कड, चपटा स्क्रू ड्रायव्हर, ८ नंबरचा सॉकेट, धारदार ब्लेड, स्वच्छ टब, नरसाळं, हातमोजे आणि गॉगल. गॉगल शोभेसाठी नाही. स्प्रिंगची क्लिप पक्कडीतून सुटली की सरळ उडते.

होज काढणं

आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या, होज कोणत्या बाजूला वळलाय आणि क्लिपचे कान कुठे आहेत ते दिसेल असे. नवीन होजवर पांढरी रेघ किंवा ठिपका असतो, तो कशासमोर यायला हवा हे जुन्यावरून कळतं.

वरच्या होजपुरतं काम असेल तर सगळं कूलंट रिकामं करायची गरज नाही. रेडिएटरचं झाकण काढा, खाली टब ठेवा आणि खालच्या कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा ड्रेन कॉक (कूलंट काढायची छोटी तोटी) हाताने सावकाश सैल करा. लहान गाडीत दीड-दोन लिटर निघालं की पातळी होजच्या खाली जाते. कॉक जाम असेल तर पक्कड लावून जोर करू नका. तो तुटला तर पाऊण तासाचं काम रेडिएटर उतरवण्यावर जातं. अशा वेळी तसाच पुढे जा, फक्त होज काढताना बऱ्यापैकी सांडेल हे धरून चाला. किती निघालं ते मोजून ठेवा. वर्षभरातलं, स्वच्छ कूलंट गाळून परत घालता येतं. तपकिरी झालेलं, गाळ दिसणारं किंवा तेलाचा तवंग असलेलं घालायचं नाही.

क्लिप पक्कडीने दाबून होजवर मागे सरकवा. मग होज हाताने पिळल्यासारखा डावीकडे-उजवीकडे फिरवा. बराच काळ बसलेला होज नळीला चिकटलेला असतो. इथे माणसाचा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, आणि होजखाली घालून उचकटला की रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी कडकन तुटते. काही शे रुपयांच्या होजपायी अख्खा रेडिएटर बदलायची वेळ बहुतेक अशीच येते. होज टाकूनच द्यायचा आहे, तर ब्लेडने त्याला लांबीत चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखा सोला. ब्लेड आरपार नळीपर्यंत टेकवू नका. प्लॅस्टिकवर पडलेली बारीक रेघही पुढे गळतीची वाट होते.

नळी साफ करणं

हे दोन मिनिटांचं काम बरेच जण टाळतात. नळीवर जुन्या रबराचे तुकडे आणि ती पापडी राहिली तर नवा होजही तिथूनच पाझरतो. प्लॅस्टिकची नळी फक्त ओल्या फडक्याने आणि मऊ नायलॉनच्या घासणीने पुसा. इंजिनाकडची ॲल्युमिनियमची नळी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत हलकेच घासा, लांबीत घासू नका. तोंडात फडक्याचा बोळा कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि नंतर तो आठवणीने काढा. बोटाने चाचपा. खड्डे पडून नळी खडबडीत झाली असेल तर कितीही घट्ट आवळा, ती गळणारच. तो भाग बदलावा लागेल.

नवीन होज बसवणं

क्लिपा आधी होजवर चढवा. हे सांगावं लागतं, कारण होज दोन्हीकडे बसवून झाल्यावर हातात उरलेली क्लिप बघत उभं राहणारे कमी नाहीत. होजच्या आत थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा, सरकतो. ग्रीस, तेल, व्हॅसलिन नको. सील लागावं म्हणून आतून शेलॅक किंवा सिलिकॉन लावायची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. चांगल्या होजला आणि साफ नळीला त्याची गरज नाही, आणि जादा सिलिकॉनचे तुकडे सुटून रेडिएटरमध्ये अडकतात.

होज थांबेपर्यंत आत ढकला. नळीच्या टोकाला फुगीर कडा असते, क्लिप त्या कडेच्या मागे यायला हवी आणि होजच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत. क्लिप कडेवरच बसली तर ती कधीतरी पुढे घसरते आणि मग होज घाटात एकदम निसटतो.

क्लिप कोणती, यावर मतं आहेत. मूळची स्प्रिंगची क्लिप सैल असते म्हणून ती फेकून स्क्रूची पट्टी लावून देणारे बरेच. आमचं मत उलटं आहे. रबर थंड-गरम होताना आकसतं-फुगतं, आणि स्प्रिंग त्याच्यामागोमाग दाब धरून राहते, स्क्रूची पट्टी जिथे आवळली तिथेच थांबते. गंज नसेल आणि पक्कडीने दाबताना चांगला जोर लागत असेल, तर जुनी स्प्रिंग पुन्हा वापरा. स्क्रूचीच लावायची झाली तर कडा गोल वळवलेली स्टेनलेसची घ्या, धारदार पट्टी रबर कापते. रबर पट्टीच्या कडेने किंचित वर आलं की थांबा, पट्टीच्या खाचांतून ते बाहेर डोकावू लागलं तर जास्त झालं. प्लॅस्टिकची नळी जादा आवळल्याने आतून चिरते आणि ते लगेच कळत नाही.

शेवटी होज पंखा, पट्टा किंवा एखाद्या धारदार ब्रॅकेटला घासत नाही ना ते बघा. बोटभर अंतर हवं.

भरणं आणि हवा काढणं

ड्रेन कॉक बंद करा. जेवढं काढलं तेवढं मोजून मिश्रण करा: दोन लिटर निघालं असेल तर एक लिटर कॉन्सन्ट्रेट आणि एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. गळतीच्या काळात नुसतं पाणी घालत राहिला असाल तर आतलं मिश्रण पातळ झालंय. तेव्हा पूर्ण रेडिएटर रिकामा करून नव्याने भरा, आणि ड्रेनमधून सगळं निघत नाही, काही भाग ब्लॉकमध्ये राहतोच, हे लक्षात ठेवा.

गाडीचं तोंड थोडं चढावर असेल अशी ती लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. आता रेडिएटरचं तोंड हा सगळ्यांत उंच भाग झाला, हवा तिथे येते. बॅटरीची वायर जोडा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर करा. काही गाड्यांत वरच्या नळीवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, असेल तर तो सैल करा आणि तिथून बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. कूलंट सावकाश ओता, मध्येमध्ये वरचा होज मुठीत दाबून सोडा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा भरा.

झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा, रेस देऊ नका. बाही, ओढणी, मफलर पंख्यापासून लांब. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडला की वरचा आणि खालचा दोन्ही होज गरम लागतात आणि पातळी एकदम खाली बसते. तेवढं भरा आणि झाकण लावून टाका. उकळी येईपर्यंत उघडं ठेवायचं नाही. बाटली मिन आणि मॅक्सच्या मध्ये भरा. बाटलीलाच दाबाचं झाकण असलेल्या गाडीत भरणं, बघणं सगळं बाटलीतून, आणि पंखा लागण्याआधी झाकण बंद.

आता पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभी चालू ठेवा. हीटरमधून सलग गरम हवा यायला हवी. तापमानाचा काटा वर चाललाय आणि हीटरमधून मात्र थंड हवा, याचा अर्थ एअर लॉक, आत हवा अडकली आहे. इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा भरा.

१०-१५ किलोमीटर चालवून आणा, सांधे टॉर्चने बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पाहा. थोडी खाली गेलेली असते, भरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही खाली जात असेल तर शोध पुन्हा पहिल्यापासून. स्क्रूची पट्टी लावली असेल तर १०० किलोमीटरनंतर थंड असताना पाव फेरा बघून घ्या. थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन आत ओढला जात असेल तर होज बदलत बसू नका. झाकणातला व्हॅक्यूमचा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय, झाकण बदला.

रस्त्यात फुटला तर

मे महिन्यात, भरल्या गाडीने कसारा घाट चढताना होज जातो तेव्हा बोनेटमधून वाफ येते. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद. काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर नुसत्या हवेत उरतो आणि काटा खोटं सांगतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

थंड झाल्यावर चीर टोकापाशी असेल आणि लांबीला वाव असेल तर तेवढं टोक ब्लेडने सरळ कापा आणि होज पुन्हा चढवा. हा तात्पुरत्या इलाजांतला सर्वांत टिकाऊ. चीर मध्ये असेल तर होज कोरडा पुसून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून, निम्मी-निम्मी चढवत गुंडाळा. तीही नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर दोन क्लिपा. एम-सीलसारखी पुट्टी लवचीक रबरावर धरत नाही. झाकण पहिल्या खाचेपर्यंतच ठेवलं तर दाब तयार होत नाही आणि जोड टिकतो, पण मग उकळणं लवकर होतं. म्हणून हळू, काट्यावर डोळा ठेवून, जवळच्या गॅरेजपर्यंतच.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. आणि जुना होज टाकण्याआधी लांबीत उभा चिरून आतून बघा. आत टोकाजवळ चिरा असतील तर त्याच वयाचा खालचा होज आणि हीटरचे दोन्ही होजही त्याच वाटेवर आहेत, त्यांची ऑर्डर आजच देऊन ठेवा.